गावकुसाबाहेरचा पत्ता
(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी टपालावर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेत हसू फुटलं, ते ऐकलं मी. हसा. चळवळीच्या शिबिरात अत्याचारावर बोलावं, जमिनीवर बोलावं, राखीव जागांवर बोलावं. हा बाबा पोस्टमनवर काय बोलणार? तुमच्या खिशात मोबाइल आहे. बोट फिरवलं की निरोप पोचतो. पत्र लिहितंय कोण आता?

बरं. पण कोर्टाची नोटीस बहुतेक वेळा कशानं येते? आधार कार्ड, एटीएम कार्ड, पासपोर्ट कशानं येतो? गावातल्या आईबापाच्या नावावर सावकारी कंपनीचं कर्ज थकलं तर त्यांच्या वकिलाचा कागद कशानं येतो? ज्या कागदावर शिक्का असतो, ज्या कागदानं माणसाचं घर जातं किंवा नोकरी मिळते, तो कागद अजून टपालानंच फिरतो. म्हणून म्हणतो, टपाल हा प्रेमपत्राचा मामला नाही. टपाल हा हक्काचा मामला आहे. आणि हक्काचा मामला आला की पहिल्यांदा बघायचं, कायद्यात काय लिहिलंय.

कायदा टपालावर किती भरोसा ठेवतो ते बघा. १८९७ चा एक जुना कायदा आहे, जनरल क्लॉजेस अॅक्ट. त्याचं २७ वं कलम म्हणतं की बरोबर पत्ता लिहून, पैसे भरून, रजिस्टर टपालानं कागद टाकला की तो पोचला असं धरायचं. पोचला नाही हे सिद्ध करायचं कोणी? ज्याला मिळाला नाही त्यानं! २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं चेकच्या नोटिशीबाबत हेच सांगितलं. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा पडून ते परत गेलं, तरी नोटीस बजावली गेली असंच साधारणपणे धरलं जातं. शेरा मारणारा पेन कोणाच्या हातात आहे आणि तो गावकुसाबाहेर खरंच आला होता का, हे विचारायला तुमच्या आज्याला कोर्टाची पायरी चढावी लागते.

आता दुसरी बाजू. अत्याचार झाला, तुम्ही ठाण्यात गेलात, ठाणेदारानं तक्रार घेतली नाही. पुढं काय? अॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांत पाचवा नियम आहे. तो म्हणतो, तक्रारीचा मजकूर लेखी, टपालानं, पोलीस अधीक्षकाकडं पाठवा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही १७३ व्या कलमात तोच रस्ता ठेवलाय. लेखी आणि टपालानं. म्हंजे ठाण्याचं दार बंद झालं की कायदा आपल्याला पोस्टाची पेटी दाखवतो. सर्वोच्च न्यायालयानं तर पत्रालाच अर्ज मानलं. तिहार तुरुंगातल्या सुनील बत्रा नावाच्या कैद्यानं दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल न्यायमूर्तींना पत्र लिहिलं, आणि १९७९ मध्ये त्यावर निकाल लागला. वेठबिगारांचा बंधुआ मुक्ती मोर्चाचा खटलाही एका पत्रावरूनच उभा राहिला. ना वकील, ना फी. एक पाकीट आणि एक तिकीट.

तेव्हा कायदा धरून चालतो की टपाल देशात प्रत्येकाला पोचतं आणि प्रत्येकाकडून निघतं. मग टपाल खात्यानं ते प्रत्येकाच्या दारात पोचवलंच पाहिजे, असं कोणत्या कायद्यात लिहिलंय?

कुठंच नाही. मला आज हेच सांगायचंय. बाकी सगळं ह्याच्याच पोटातलं.

इंग्रजानं १८५४ मध्ये अंतर न बघता वजनावर एकच दर लावला, पाव तोळ्याला अर्धा आणा. १८९८ मध्ये त्यानं टपालाचा कायदा केला आणि पत्रं वाहण्याचा एकाधिकार सरकारकडं ठेवला. हे त्यानं आपल्या कल्याणासाठी केलं नाही. त्याला राज्य चालवायचं होतं. पण त्या एकाधिकारात एक व्यवहार होता : शहरातल्या फायद्याच्या पत्रांवर सरकारचा हक्क आणि त्या पैशात गावाचं तोट्यातलं टपाल. स्वातंत्र्य आलं तेव्हा देशात २३,३४४ पोस्टं होती आणि ती मुख्यतः शहरांत. आज दीड लाखांच्या वर आहेत आणि दहातली नऊ खेड्यांत. हे काम लहान नाही. ते मी नाकारत नाही.

पण २०२३ च्या डिसेंबरात संसदेनं नवा पोस्ट ऑफिस कायदा केला. त्याच अधिवेशनात विरोधी बाजूचे १४६ खासदार निलंबित होऊन बाहेर बसले होते. १८ जून २०२४ पासून तो कायदा लागू झाला आणि १८९८ चा गेला. इंग्रजाचा कायदा गेला म्हणून रडायचं कारण नाही. पण नव्यात काय आहे? पत्रं वाहण्याचा एकाधिकार काढून टाकला, राहिला फक्त टपाल तिकिटं काढण्याचा. तुमचं पत्र अडवायचा, उघडायचा अधिकार सरकारनं नीट कलम घालून ठेवला. खात्याची जबाबदारी किती, तर नियमांत लिहू तेवढीच. कोणती सेवा, कोणता दर, ते नियम आणि विनियम ठरवणार. आणि प्रत्येक गावात, प्रत्येक घरी, एका दरात, ठरलेल्या दिवशी टपाल पोचवणं बंधनकारक आहे, हे वाक्य? ते शोधून दाखवा. पत्र अडवायचं लक्षात राहिलं, पोचवायचं राहून गेलं!

आता कोणी म्हणेल, कायद्यात लिहिलं नाही म्हणून काय झालं, टपाल येतंय की. येतंय. पण जे नुसत्या हुकमावर चालतं ते हुकमावर बंदही होतं. तुम्ही अनियतकालिकवाले, तुम्हाला हे समजायला पाहिजे. पुस्तकं स्वस्तात पाठवायची नोंदणीकृत बुकपोस्टची सोय होती. २०२४ च्या डिसेंबरात ती एका फटक्यात बंद झाली. संसदेत चर्चा नाही, कोणाला विचारणं नाही. छोटे प्रकाशक बोंबलले. मग २०२५ च्या मे महिन्यात ज्ञान पोस्ट नावाची दुसरी सोय आली, नवे दर आणि नव्या अटी घेऊन. त्याच २०२५ साली रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा गेली, स्पीड पोस्टात मिळवली. ऑक्टोबर २०२५ च्या दरपत्रकाप्रमाणे ५० ग्रॅमचं पाकीट गावाबाहेर धाडायला ४७ रुपये, नोंदणीचे वरती ५, आणि जीएसटी आणखी वेगळा. पोलीस अधीक्षकाला ‘लेखी आणि टपालानं’ कळवणाऱ्या शेतमजूर बाईच्या कनवटीला हे पैसे आहेत का, हे दर ठरवताना कोणी विचारलं नाही. विचारावं लागत नाही, कारण तसं कायद्यात नाही.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला. मोठ्यांच्या पत्रांत आपल्याला जागा नव्हती, तेव्हा आपलं पत्र टपालानं आपल्या माणसांपर्यंत गेलं. आपल्या पुढच्या सगळ्या छोट्या मासिकांचा जीव त्या स्वस्त टपालावर जगला. प्रस्थापितांना टपालाची सवलत लागत नाही, त्यांच्या गाड्या आहेत. ती लागते आपल्याला.

आता गावात चला. सगळ्यांना समान सेवा म्हणतात, तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो, हे ‘सगळे’ म्हंजे कोण? २००१-०२ साली अकरा राज्यांतल्या ५६५ गावांत अस्पृश्यतेची पाहणी झाली. घनश्याम शाह, सुखदेव थोरात, हर्ष मंदर आणि सोबत्यांनी २००६ मध्ये ती पुस्तकात छापली. जवळजवळ चौथाई गावांत दलितांच्या घरापर्यंत टपाल पोचत नव्हतं. पाणवठा नाही, देऊळ नाही, हॉटेलातली कपबशी नाही. टपाल! सरकारचं टपाल! खाकी पिशवीतला कागदसुद्धा गावकुसापाशी येऊन विटाळाला भीत होता.

आमच्या गावात पत्रं वाण्याच्या दुकानात पडायची. वाणी लांबूनच ओरडायचा, “अय, तुमच्या वाड्यावरचं कायतरी आलंय, ने.” माझ्या थोरल्या भावाचं मुलाखतीचं कार्ड नऊ दिवस डाळीच्या पोत्यामागं पडून होतं. ते हातात आलं तेव्हा मुलाखत होऊन चार दिवस झाले होते. कारकुनाची जागा होती. राखीव होती. ‘उमेदवार गैरहजर’ एवढाच शेरा पडला असणार. त्या वर्षी भाऊ ऊसतोडीला गेला. असे किती ‘गैरहजर’ असतील, कोणी मोजलेत? आणि वर तोंड करून सांगतात, लायक उमेदवार मिळत नाहीत म्हणून.

पोस्टमन वाईट होता म्हणून हे झालं नाही. खात्याच्या हिशेबात वाण्याचं दुकान म्हंजे आमचं गाव, आणि गाव म्हंजे आम्ही. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. काढला तो श्रीराम भिकाजी वेलणकर ह्या आपल्याकडच्याच माणसानं. सहा आकड्यांत देश बसवला, मोठं काम. पण त्या सहा आकड्यांत पोस्टाची हद्द सापडते, बौद्धवाडा सापडत नाही. मातंगवस्ती सापडत नाही. लमाणांचा तांडा, आदिवासींचा पाडा, पारध्याचं पाल सापडत नाही. तिथवर चालत जायचं ते माणसानं, आणि तो माणूस गेलाच पाहिजे हे लिहायचं कायद्यानं.

ह्यात जो इतिहासाचा डाव आहे तो विसरू नका. वतनदारीच्या काळात सरकारी टपाल कोण वाहत होतं? महार. काठी घ्यायची आणि ह्या गावाचा कागद त्या गावाला. मयताची खबर पायी पायी सोयऱ्यांच्या गावोगाव. ऊन, पाऊस, रात्र काही नाही. पगार नाही, बलुतं आणि शिळं तुकडं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात ह्या वतनाविरुद्ध बिल आणलं. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला तेव्हा. आपल्या आज्या-पणज्यांच्या टाचा ज्या टपालानं फाटल्या, ते टपाल आपल्याच दारात यायला लाजतं! वाहायला महार चालत होता, घ्यायला चालत नाही? वेठ जशी कायद्यानं काढावी लागली, तसं टपाल कायद्यानंच दारात आणावं लागेल. गावाच्या दयेवर ना ते गेलं असतं, ना हे येईल.

आणखी एक आतली गोष्ट सांगतो. खेड्यातलं ब्रँच पोस्ट ऑफिस कुठं असतं ठाऊक आहे? बहुतेक ठिकाणी सरकारी इमारत नाही. ब्रँच पोस्टमास्तर नेमला की जागा त्यानंच द्यायची, अशी अट आहे. म्हंजे ऑफिस त्याच्या घराच्या ओसरीत, नाहीतर त्यानं भाड्यानं घेतलेल्या खोलीत. आता ती ओसरी पाटलाची असली तर आपली म्हातारी बचतखात्याचे पैसे काढायला कुठं उभी राहणार? ओसरीवर का अंगणात? आणि दहावीच्या गुणांवर आपला पोरगा पोस्टमास्तर झाला, तर गावाच्या मध्यभागी त्याला जागा कोण देणार? पोस्ट सरकारचं आणि उंबरा जातीचा, अशी ही गंमत.

आणि त्या ग्रामीण डाकसेवकाला शत्रू समजू नका. देशभर ते अडीच लाखांवर आहेत. पूर्वी त्यांना ‘अतिरिक्त विभागीय’ म्हणायचे. काम खात्याचं, माणूस खात्याबाहेरचा. गावकुसाबाहेरचा म्हणा ना! सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये राजम्मा खटल्यात सांगितलं की ही नागरी सेवेतली पदं आहेत. तरीही नियमित नोकराचा दर्जा नाही, त्याच्यासारखं पेन्शन नाही. कागदावर चार-पाच तासांचं काम. २०१८ च्या आदेशात चार तासांवाल्या पोस्टमास्तरला १२,००० आणि सहायकाला १०,००० रुपये मूळ भत्ता ठरला. त्यात सायकल रेटत चार गावं करायची, बँकेची कामं करायची, विमा खपवायचा. ह्या माणसानं शेवटच्या पाड्यापर्यंत जावं असं वाटत असेल तर आधी त्याची वेठ संपवा. त्याचं पोट आणि आपला पत्ता हे दोन वेगळे लढे नाहीत.

आता पैशाचं रडगाणं. टपाल खातं तोट्यात आहे, दरवर्षी हजारो कोटींची तूट येते, खेड्यात पत्रं कमी झाली. खरं आहे. पण फौजफाट्याला नफा विचारतो का आपण? आणि पैसा उभा करायची अक्कल सरकारला नाही असंही नाही. ज्या डिसेंबर २०२३ मध्ये पोस्टाचा कायदा झाला, त्याच महिन्यात दूरसंचाराचा नवा कायदा झाला. खातं एकाच मंत्र्याकडं. दूरसंचाराच्या कायद्यात खेड्यापाड्यांच्या सेवेसाठी डिजिटल भारत निधी नावाचा फंड लिहिलाय. मोबाइल कंपन्यांच्या उत्पन्नातून तो भरतो, आणि असा फंड २००२ पासून चालू आहे. टॉवरसाठी कलम आहे, टपालासाठी नाही! २००६ मध्ये पोस्टाच्या कायद्यात दुरुस्ती करून कुरियर कंपन्यांकडून असा वाटा घ्यायचा विचार पुढं आला होता. कंपन्यांनी ओरडा केला आणि तो बारगळला. कुरियरवाल्याला मलबार हिलचं पाकीट पाहिजे. मेळघाटातलं नको. मलई त्याची आणि चोथा पोस्टाचा.

दुनियेत काय चाललंय तेही बघा. अमेरिकेच्या टपाल कायद्यात सरळ लिहिलंय की जिथं पोस्ट स्वतःचा खर्च काढत नाही अशा खेड्यांनाही पूर्ण सेवा द्यायची, आणि नुसत्या तोट्यासाठी छोटं पोस्ट बंद करायचं नाही. भांडवलदारांचा बालेकिल्ला आहे तो, तरी लिहिलंय. ब्रिटननं रॉयल मेल २०१३ मध्ये शेअरबाजारात विकलं, पण २०११ च्या कायद्यात सर्वत्र एका दरात टपालाची जबाबदारी बांधून मगच विकलं. २०२५ मध्ये तिथं दुसऱ्या वर्गाची पत्रं एक दिवसाआड करायची मुभा दिली, तीसुद्धा नियामकाला जाहीर चर्चा करून द्यावी लागली. उलट डेन्मार्क घ्या. २०२४ पासून नव्या कायद्यानं ही जबाबदारीच काढली, आणि २०२५ च्या अखेरीस तिथल्या पोस्टनॉर्डनं पत्रं वाटणं बंद केलं. रस्त्यावरच्या लाल पेट्या उपटल्या. कायद्यातनं शब्द गेला, पाठोपाठ पेटी गेली. तिथं घरोघर इंटरनेट आहे. आपल्या पाड्यावर काय आहे?

आणि भारत सरकारला हा शब्द नवा आहे असं नाही. जागतिक टपाल संघाचा भारत १८७६ पासून सभासद आहे. त्या संघाच्या करारात लिहिलंय की देशाच्या प्रत्येक ठिकाणी, परवडेल अशा दरात मूलभूत टपालसेवा हा लोकांचा हक्क आहे. तिकडं सही करायची, आणि इकडं संसदेत तो हक्क लिहायचा नाही. हा दुटप्पीपणा पकडा.

मग मागायचं काय? भीक नाही मागायची, कलम मागायचं. टपाल हा केंद्राच्या यादीतला विषय, म्हणून मागणी संसदेकडं.

एक, पोस्टाच्या कायद्यात दुरुस्ती करा आणि लिहा की टपाल ‘गावात’ नाही, ‘घरी’ पोचवायचं. वस्ती, तांडा, पाडा, पाल हे शब्द कायद्यात आले पाहिजेत. नुसतं ‘ग्रामीण भाग’ लिहाल तर तो भाग वेशीपाशी संपेल, हा आपला पिढ्यांचा अनुभव आहे. दोन, साध्या पत्राला आणि नोंदणीच्या पत्राला देशभर एक दर, आणि पोलीस, कोर्ट, आयोग ह्यांच्याकडं जाणारी अत्याचाराची तक्रार बिनतिकिटाची. तीन, ग्रामसभेपुढं सुनावणी झाल्याशिवाय खेड्यातलं पोस्ट बंद किंवा विलीन करायचं नाही, आणि तोटा हे एकच कारण चालणार नाही. चार, पोस्टाची जागा सार्वजनिक पाहिजे, कोणाच्या ओसरीत नको. डाकसेवकाला नियमित नोकराचा दर्जा आणि पेन्शन. पाच, कुरियर आणि ऑनलाइन मालवाल्या कंपन्यांकडून वाटा घेऊन निधी. सहा, जातीमुळं टपाल दारात न नेणं हा गुन्हा. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं सहावं कलम अस्पृश्यतेपायी सेवा नाकारणाऱ्याला शिक्षा सांगतंच. पण टपालाच्या कायद्यात त्याचं नाव घेऊन लिहा, म्हंजे साहेबाला पळवाट उरणार नाही.

तुम्ही शहरात आलात. चांगलं केलंत, बाबासाहेबांनीच सांगितलं होतं. पण तुमच्या आधार कार्डावर गावाचा पत्ता आहे, जातीच्या दाखल्यात गाव आहे, आईबाप गावात आहेत. तेव्हा एक काम देतो, आणि ते पुढच्या बैठकीच्या आत करायचं. प्रत्येकानं आपल्या वस्तीतल्या तीन घरांना पत्र टाकायचं. टाकल्याची तारीख लिहून ठेवायची. घरच्यांनी लिहायचं, किती दिवसांनी आलं, कोणी दिलं, दारात दिलं का दुकानात, हातात दिलं का लांबून टाकलं. पन्नास पोरं असतील तर दीडशे पत्रं होतात. त्याचा तक्ता करा. माहितीच्या अधिकारात विचारा, आमच्या वस्तीची बीट कोणाची, आठवड्यातनं किती दिवसांची. मग तो तक्ता घेऊन खासदाराच्या दारात बसा आणि विचारा, ज्या दिवशी कायदा पास झाला त्या दिवशी तुम्ही सभागृहात होता का, आणि होता तर तोंड का शिवलं होतं?

हे काम घोषणेचं नाही, चिकाटीचं आहे. घोषणा आपण चांगल्या देतो. आता जरा मोजायला शिका. ज्या व्यवस्थेनं हजार वर्षं आपला पत्ता ‘गावाबाहेर’ एवढाच ठेवला, तिच्याकडून आपल्याला घराचा पत्ता वसूल करायचाय. नाव, वस्ती, दार, सगळ्यासकट आणि कायद्याच्या कलमात.

उद्या सकाळी पोस्ट उघडतं. पत्रं घेऊनच या.

जय भीम!